मामींनी डॉक्टरबाईंना काय विचारलं

सुरुवातीचे कित्येक आठवडे मामा आरशालाच दोष देत होते. सलूनमधल्या पहिल्या खुर्चीसमोरचा मोठा आरसा एका बाजूला कललाय, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून समोर पाहिलं की स्वतःचा उजवा डोळा डाव्यापेक्षा खाली दिसायचा. डोळा कसा खाली येईल? आरसाच कललाय. मग स्टूल ओढायचं, वर चढायचं, मागची तार खिळ्यावर जराशी सरकवायची, खाली उतरून मान तिरकी करून बघायचं आणि पुन्हा चढायचं. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर एकदा म्हणाला, "मामा, आरसा सरळ आहे, भिंत सरळ आहे, दुकान सरळ आहे." "मग तूच वाकडा," मामा म्हणाले आणि त्यांनी परत स्टूल ओढलं.

खुर्चीतल्या माणसाचं तोंड त्याच आरशात अगदी सरळ दिसत होतं, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं निरखण्यात गेलेला माणूस तो. स्वतःचं तोंड म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागे उभं असलेलं दुकानातलं एक सामान, एवढीच त्याची किंमत.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. त्यांना सख्खी बहीणच नव्हती. पण शाळेतल्या पोरापासून ते काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, आणि त्या हिशोबाने त्यांच्या बायकोला मामी. तोंडाचा पट्टा असा, की कात्री थांबली तरी जीभ थांबायची नाही. त्यांचं एक तत्त्व होतं: गिऱ्हाईक खुर्चीत बसताना होतं त्यापेक्षा उठताना खूश पाहिजे. त्यासाठी वाटेल ते बोलायची त्यांची तयारी असे. टाळू उघडी पडलेल्या माणसाला ते म्हणत, "छे हो, केस बारीक आहेत तुमचे, गेले कुठे?" आणि कटिंग झाल्यावर डोक्यामागे हात-आरसा धरायचा तो असा नेमका तिरका, की मान दिसेल, कडा दिसतील, पण टाळूचं चकाकतं मैदान काही दिसणार नाही. गिऱ्हाईक समाधानाने मान हलवून निघून जाई. तो कोन साधायला मामांना वर्षं लागली होती, आणि आपण कुणाला फसवतो असं त्यांना कधी वाटलं नाही.

मामींचा कारभार याच्या बरोबर उलट. त्या शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. शिवून आलेला शर्ट दिव्याखाली धरायचा आणि त्यातला दोष काढायचा, हे त्यांचं काम. सुटलेला टाका, वाकडी कॉलर, हलकं बसलेलं बटण. घरी आल्यावरही हे काम सुटत नसे, फक्त शर्टाच्या जागी मामा असत. चहात साखर किती घातली, दिवा का चालू ठेवला, चप्पल दारात आडवी का पडली. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे केस. दुकानातला एक केससुद्धा घरात येता कामा नये, म्हणून मामांनी मागच्या दाराशी शर्ट काढायचा, झटकायचा, बादलीत टाकायचा आणि मगच उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवायचं, असा घरचा कायदा होता. मामा कुरकुरत, पण पाळत. त्या घरात भांडण थांबलं की शेजारी विचारत, "कुणी गावाला गेलंय का?"

आरशाचं खूळ एका सकाळी संपलं. मामा घरी स्वतःची दाढी करत होते. कानशिलापाशी कल्ला सारखा करताना त्यांना पाण्यात लाल रेघ दिसली. त्यांनी वर पाहिलं. डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला चांगलंच कापलं होतं, रक्त गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि त्यांना काहीही जाणवलं नव्हतं. त्यांनी बोटाने तिथे दाबलं. बोटाला कातडी लागत होती, कातडीला बोट लागत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाला साधा ओरखडा आला नव्हता. आरसा नाही, आपणच कललोय, हे मामांना कळलं ते तेव्हा.

पुढचं सगळं भराभर झालं. डोळ्यांच्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात, तिथे मशीनमध्ये डोकं घालून फोटो, मग टेबलावर. डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्यात, हाडाच्या खोबणीत बदामाएवढी एक ग्रंथी असते, तिथे अश्रू तयार होतात, हे मामांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. एवढी डोकी हाताखालून गेली, पण तिथे असं काही असतं याचा पत्ता नव्हता. त्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि ती डोळ्याला खाली ढकलत होती. डॉक्टरबाईंनी डोळा वाचवला. ग्रंथी, गाठ आणि लगतचं हाड काढून टाकलं. तपासणीत कॅन्सर निघाला, आणि तोही असा विरळा, की हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरांची रांग मामांचा डोळा बघायला येऊन गेली. "आपल्या दुकानाला कधी एवढी गर्दी झाली नव्हती," मामा मामींना म्हणाले. मामी हसल्या नाहीत.

मग किरणांचा उपचार झाला. कानशिलावरचे केस गेले, कातडी भाजल्यासारखी झाली. उजवा डोळा कोरडा ठणठणीत पडला. दर थोड्या वेळाने त्यात बाटलीतले थेंब घालावे लागत. दुकानात ते काम दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर करी. पोस्टातून निवृत्त झालेलं एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, आता रडायचं झालं तरी तुम्हाला बाटली लागणार." सगळ्यांत मोठ्याने मामाच हसले. मग ते पडद्यामागे गेले आणि बराच वेळ टॉवेलांच्या घड्या घालत बसले.

उपचार संपल्यावर डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं. पुढे काय, ते बोलायचं होतं. बाईंचा आवाज मऊ होता. त्या म्हणाल्या की ऑपरेशन चांगलं झालं, जखम छान भरली, तुम्ही फार धीराने घेतलंत. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा स्क्रीन दोन बोटांनी धरला आणि जरासा स्वतःकडे वळवला.

मामांनी तो हात पाहिला. तो कोन त्यांच्या ओळखीचा होता. आधी गोड बोलायचं, आणि बोलता बोलता हात असा सहज फिरवायचा, की समोरच्याला जे दिसायला नको ते दिसणार नाही. एवढी वर्षं आपण हेच केलं. म्हणजे त्या स्क्रीनवर टाळूच आहे. पार उघडी पडलेली टाळू आहे.

"किती दिवस" हे दोन शब्द मामांच्या ओठावर आले होते. पण पाय आधी उठले. "जरा पाणी पिऊन येतो," असं काहीतरी पुटपुटून ते बाहेर पडले. मामी आतच राहिल्या. दार लागलं.

बाहेरच्या बाकावर मामा बसून राहिले. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. ते त्यांनी पाठ होईपर्यंत बघितलं. आत आवाज चालू होते, शब्द कळत नव्हते. आपल्या आयुष्याचा हिशोब दाराच्या पलीकडे चाललाय आणि तो बायको ऐकतेय, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. एकदा वाटलं उठून आत जावं. एकदा वाटलं सरळ जिना उतरून रस्त्याला लागावं. दोन्ही झालं नाही.

मामी बाहेर आल्या. मामांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लोकांची तोंडं वाचण्यात ज्यांचा हात कुणी धरला नसता, त्या मामांना स्वतःच्या बायकोच्या तोंडावर काहीही दिसलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"थेंब चुकवू नका म्हणाल्या."

"आणि?"

"आणि काय? चला, बस निघून जाईल."

तेव्हापासून मामांचा जीव टांगणीला लागला. मामींना माहीत होतं आणि त्या सांगत नव्हत्या. सरळ विचारायची छाती नव्हती, कारण मामी खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. कारखान्याच्या मालकालाही त्या तोंडावर सुनावत. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि तीच तर धास्ती होती. म्हणून मामांनी आडून आडून शोध घ्यायला सुरुवात केली. मामी काय आणतात, काय ठेवतात, काय पुढे ढकलतात, याच्यावर त्यांनी डोळा ठेवला. दुखरा आणि चांगला, दोन्ही.

मामींनी त्यांच्यासाठी जाड तळव्याचे बूट आणले. मामा दिवसभर गुणगुणत होते. एवढे दणकट बूट मरणाऱ्या माणसाला कोण घेतं? दुसऱ्याच दिवशी मामींनी चहात दोन चमचे साखर जास्त घातली आणि विचारलं, "पुरे, की अजून?" मामांनी कप बशीत परत ठेवला. साखरेवरून या बाईने त्यांना जन्मभर धारेवर धरलं होतं. आता स्वतःच घालते, म्हणजे आता कशानेच काही बिघडायचं राहिलेलं नाही. घराला रंग द्यायचा विषय निघाला तेव्हा मामी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." त्या "पुढच्या वर्षी"च्या आधारावर मामांनी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी त्यांना शंका आली, की पुढच्या वर्षी कोण बघणार हे काही ती बोलली नाही.

खरा धक्का खुर्चीने दिला. दुकानातल्या पहिल्या खुर्चीचा उंची धरणारा दांडा कधीचा निसटत होता. गिऱ्हाईक हळूहळू खाली जाई आणि मामा वाकत जात. नवी खुर्ची घेऊ म्हटलं की मामी म्हणत, "जुनीला काय धाड भरलीय?" या वेळी मामांनी विषय काढला तो निव्वळ अंदाज घ्यायला. मामींनी हातातला शर्ट खाली ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. तुमच्या मनात आहे ना, मग घ्या."

मामांची पाचावर धारण बसली. शेवटची इच्छा अशी विचारतात, हे त्यांना ठाऊक होतं.

दुकानात त्यांची बडबड आटली. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ते नुसतं हं हं करत. उजव्या डोळ्यामुळे कडा कधीकधी दुहेरी दिसत, म्हणून वस्तरा त्यांनी कारागिराच्या हवाली केला आणि स्वतः कात्रीपुरते राहिले. घरात त्याहून भयंकर शांतता. मामी दोष काढत नव्हत्या. दिवा चालू राहिला तर त्या स्वतः उठून बंद करत. चप्पल आडवी पडली तर सरळ करत. रात्रीचं सोडा, भर दुपारीसुद्धा त्या घरात मामांना भीती वाटायला लागली. स्वतःच्या घरात आपण पाहुणे आहोत आणि आपल्याला निरोप द्यायची तयारी चाललीय, असं त्यांना वाटे.

शेवटी त्यांनी ठरवलं, की हिला भांडायला लावायचंच. भांडली तर अजून काही आशा आहे.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गर्दी होती. मामांचा शर्ट खांद्यापासून पोटापर्यंत केसांनी भरला होता. ते घरी आले ते मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने. शर्ट काढला नाही, झटकला नाही. मामींनी नुकतीच धुतलेली पांढरी चादर पलंगावर अंथरली होती. मामा तिच्यावर जाऊन बसले. एवढ्यावर भागणार नाही असं वाटून आडवे झाले. मग कुशीवर वळले. काळे, पांढरे, तांबूस, गावभरचे केस त्या चादरीवर पसरले.

मामी दारात आल्या. त्यांनी चादर पाहिली, मामांना पाहिलं. त्यांचा ओठ हलला. मामा वाट बघत राहिले. मामी आत गेल्या, ब्रश घेऊन आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि मुकाट्याने चादरीवरचे केस एका बाजूला करायला लागल्या.

मामा ताडकन उठून बसले. "बोल!" ते ओरडले. "बोल ना काहीतरी! शिव्या दे! एवढं वाईट आहे का? किती राहिलेत? महिने आहेत की तेही नाहीत? एकदाचं सांग आणि मोकळी हो!"

ब्रश थांबला.

"मला काय माहीत?" मामी म्हणाल्या.

"तुला माहीत नाही? तू आत होतीस! दार लावून!"

"होते. पण मी विचारलंच नाही." मामी मान खाली घालून बोलत होत्या. "बाई सांगायला लागल्या, तर मी म्हटलं, थांबा, आत्ता नको. मग मी त्यांना विचारलं की थेंब फ्रिजमध्ये ठेवायचे की बाहेर. जेवणाआधी घालायचे की नंतर. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली. बाहेर यायचं धाडस होत नव्हतं हो."

मामा तिच्याकडे वळले. "मग तुझं हे... ही साखर, ही खुर्ची?"

"तुम्ही एकदम उठून गेलात ना! मला वाटलं, तुम्हाला त्या स्क्रीनवर दिसलं. तुम्हाला सगळं कळलंय आणि माझ्यापासून लपवताय. त्यानंतर तुमचं बोलणं बंद झालं. दुकानातसुद्धा बोलत नाहीत, असं तो कारागीर सांगून गेला. मी रोज तुमच्या तोंडाकडे बघत होते, आज किती वाईट आहे ते कळावं म्हणून. खुर्ची मागितलीत तेव्हा तर खात्रीच पटली. म्हटलं, यांना माहीत आहे. शेवटची हौस करून घेतायत."

एवढं बोलून त्यांचा बांध फुटला. मामाही रडले. उजव्या डोळ्यातून काही आलं नाही, तो नुसताच चुरचुरला, आणि मामींनी रडता रडताच उठून बाटली आणली आणि त्यात दोन थेंब घातले.

त्या आठवड्यात दोघं परत हॉस्पिटलात गेले. या वेळी मामांनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, "बाई, आधी तो स्क्रीन माझ्याकडे वळवा. मागच्या वेळी तुम्ही वळवून घेतलात, ते मी पाहिलंय. लपवालपवी मला लगेच कळते, माझा धंदाच आहे तो."

डॉक्टरबाईंना क्षणभर काही उमगलं नाही. मग त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "अहो, त्या वेळी ऊन यायचं तिथून. काचेवर तिरीप पडली की मलाच काही दिसत नाही."

मामा ओशाळले. मामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. पण ही जागा त्याची नव्हती. बाईंनी स्क्रीन पूर्ण वळवला. करडी कवटी, काळी खोबण, रिकामा कोपरा.

"किती?" मामांनी विचारलं. आवाज स्वतःचाच वाटला नाही. टेबलाखाली मामींनी त्यांच्या बाहीचं टोक मुठीत धरलं होतं.

"सरळ सांगू?"

"सरळच."

डॉक्टरबाईंनी मऊ आवाज बाजूला ठेवला. "गाठ सगळी निघाली. पण तपासणीत असं दिसलं, की ती नसेत शिरली होती. म्हणून तुमचं कानशील बधिर झालं. हा आजार नसेच्या कडेकडेने सरकतो. तो सावकाश चालतो, ही त्यातली चांगली बाजू, आणि वाईट बाजूही तीच. असे रोगी इतके थोडे, की आकडे मी तुम्हाला अंदाजानेच देणार. पाच वर्षांनी निम्म्याहून जास्त माणसं हयात असतात. दहा वर्षांनी निम्म्याहून कमी. तुम्ही कुणात असाल, ते मला माहीत नाही."

"पाच वर्षं काढली की सुटलो?" मामांनी विचारलं. असं कुणाकुणाबद्दल त्यांनी ऐकलं होतं.

"दुसरा कॅन्सर असता तर कदाचित तसं म्हटलं असतं. हा दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा परत येतो. त्याच जागी, नाहीतर छातीत. म्हणून तपासणी कायम. सुटलात, असं मी कधीच म्हणणार नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

एवढंच होतं. मामा आणि मामी उठले, आभार मानले, दार हळूच लावून घेतलं आणि चार पावलांवरच्या त्याच बाकावर बसले. जिन्यावरून लोक वरखाली करत होते. कुणाच्या हातात फोटोंची मोठी पाकिटं, कुणाच्या हातात डबे. मामांना त्या प्रत्येकाचा हेवा वाटला, डबेवाल्यांचा जास्त.

मामींनी विचारलं, "आता?"

मामांनी तोंड उघडलं. काही होत नाही गं, बाई उगाच घाबरवतात, मी शंभर वर्षांचा होईन. असलं काहीतरी सांगायला जीभ तयार होती. अशी वाक्यं त्यांनी हजारो डोक्यांवर फिरवली होती आणि एकही कधी अडलं नव्हतं. आज ते तोंडातून बाहेर पडेना. मामींचा हात त्यांच्या हातात होता. जन्मभर दोष शोधणाऱ्या त्या हाताला खोटं सांगणं जमण्यासारखं नव्हतं.

"मला फार भीती वाटतेय," मामा म्हणाले. "मला मरायचं नाहीये."

मामींनी दुसऱ्या हाताने नाक पुसलं. "मलाही वाटतेय," त्या म्हणाल्या. "उठा. घरी जाऊन घाबरू. इथे धड पाठ टेकायलासुद्धा जागा नाही."